सव्वा वाजायच्या आत

कुणी काही विचारायच्या आतच ती सांगून टाकायची, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे."

"कशी आहेस?" म्हटलं तरी हेच. "काल तुमच्या रस्त्यावर बर्फ साठला होता का?" म्हटलं तरी आधी हे आणि मग बर्फाचं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आपण तिचं ऐकतो, आपल्याला बरं वाटतं आणि आपण आपल्या कामाला लागतो. मीही जवळजवळ सव्वा वर्ष तेच केलं.

नॉटिंगहॅममधल्या एका प्रायमरी शाळेत मी डिनर लेडी आहे. नावावरून वाटतं, पण आम्ही स्वयंपाक करत नाही. बारा ते एक या जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, भांडणं सोडवायची, पडलेल्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरायची. पुण्याहून इथे येऊन मला बावीस वर्षं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, तेव्हापासून हे काम धरलं. घरापासून चालत पाच मिनिटं, आणि दिवसातून एक तास तरी कुणीतरी आपल्याला मोठ्याने हाक मारतं.

एका सप्टेंबरात ती रुजू झाली. वय तेहेतीस-चौतीस, काटक, सावळी, केसांची घट्ट वेणी. तिची मुलगी ईरा आमच्याच शाळेत पहिलीत होती. "मुलगी आहे तिथंच काम, म्हणून हे हो म्हणाले," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. हे म्हणजे तिचा नवरा. एका सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या जागेवर. त्याच्या वर्क व्हिसावर ती आणि ईरा तीन वर्षांपूर्वी सांगलीहून आलेल्या.

आमच्यातली सगळ्यात जुनी डिनर लेडी इथलीच, साठी उलटलेली. ती सगळ्या जगाला "डक" म्हणते. या भागात लाडाने तसंच म्हणतात. पहिल्या आठवड्यात ही नवी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, त्या मला बदक का म्हणतात? माझं काही चुकतंय का?" मी समजावून सांगितलं तेव्हा ती हसली. पण प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या कानात राहायला हवा होता. बदक म्हटल्याचा राग तिला आलाच नव्हता. आपलं काय चुकलं, एवढंच तिला हवं होतं.

एक वाजता आम्ही सुटायचो. बाकीच्या बायका स्टाफरूममध्ये चहा टाकायच्या. ही कधी थांबली नाही. घर बारा मिनिटांवर, आणि सव्वा वाजता नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तो घरातूनच घ्यायचा, स्वयंपाकघराची खिडकी मागे दिसली पाहिजे. "त्यांना काळजी वाटते," ती म्हणायची. तिला जाताना तुम्ही पाहायला हवं होतं. धावत नसे, पण चालतही नसे. मी एकदा म्हटलं, आज पाच मिनिटं उशिरा उचल की फोन. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले होते.

तिला धावताना मी पाहिलं ते पुढच्या हिवाळ्यात.

त्या थंडीत मुलांची फुटबॉलवरून रोज मारामारी व्हायची. शेवटी हेडटीचरनी चेंडू बंद केला आणि आम्हाला सांगितलं, दुसरं काहीतरी खेळवा. त्या दिवशी हिने आठ मुलांना एका रांगेत उकिडवं बसवलं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मला वाटलं आता काय प्रार्थना म्हणून घेते की काय. ती खो-खो शिकवत होती. मग कळलं की शाळेत असताना ती जिल्ह्याच्या संघात होती, दोनदा राज्य स्पर्धेला गेली होती, आणि सांगलीच्या मैदानाची खडी अजून तिच्या डाव्या गुडघ्यात आहे.

इंग्लंडमधली मुलं ओल्या डांबरावर बसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत "को!" म्हणून किंचाळायला लागली. काहींना वाटलं शब्द "गो" आहे. तसाही खेळ चालत होता. हेडटीचर खिडकीतून बघून गेल्या आणि त्यांनी खाली येऊन एक भलामोठा धोक्याचा फॉर्म तिच्याकडून भरून घेतला: कोण कशावर आपटू शकतो, किती मुलं, जमीन ओली असेल तर काय. तो तिने इतका मन लावून भरला, की पुढच्या सोमवारी परवानगी मिळाली. मुलं तिला "मिस खो" म्हणायला लागली.

पळून कसं दाखवायचं म्हणून ती स्वतः उतरायची. पिवळं चमकतं जॅकेट, खाली जीन्स आणि कुर्ता, वेणी हवेत. खांबाला वळसा घालताना ती एवढी वाकायची, की पडणार असं वाटायचं आणि ती पडायची नाही. तिचा चेहरा त्या वेळी अगदी निराळा असायचा. त्यावर काही विचारायच्या आत द्यायचं उत्तर नसायचं.

आता मी केलं ते सांगते.

संक्रांतीला आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता, एका चर्चच्या हॉलमध्ये. सूत्रसंचालन तिच्या नवऱ्याकडे. देखणा माणूस, आवाज छान, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा. माझ्या नवऱ्याला तो फार आवडायचा. तिळगूळ देताना मी त्याला म्हटलं, "तुमच्या मिसेसनी आमच्या शाळेत धमाल केलीय हं. सगळी शाळा खो-खो खेळते. काय पळते हो ती."

"हो का?" तो म्हणाला. "आम्हाला घरी काही बोलली नाही."

तो हसला. मग माइकवरून त्याने त्याचा विनोदही केला, की आमच्या मिसेस सध्या इंग्रजांना खो देतायत. हॉलभर हशा. ती तिळगुळाचं ताट धरून उभी होती, तीही हसली. मीही हसले. मला वाटलं, चला, आपण तिचं कौतुक पोचवलं.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कपाळावर रुंद लोकरी पट्टी बांधून. मुलं रांगेत उकिडवी बसून तिची वाट बघत होती. "माझा गुडघा दुखतोय," तिने त्यांना सांगितलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

आमच्या शाळेत एखाद्या मुलाचं डोकं आपटलं की एक चिठ्ठी भरावी लागते. किती वाजता, कुठे, कसं लागलं, कुणी पाहिलं. ती चिठ्ठी मुलाबरोबर घरी जाते, म्हणजे आईवडिलांना कळावं. त्या दुपारी वाऱ्याने तिची पट्टी वर सरकली आणि रिसेप्शनच्या, म्हणजे सगळ्यात लहान मुलांच्या, वर्गातल्या एका चिमुरडीने भुवईच्या वरचं निळं-हिरवं पाहिलं. तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "मिस, तुझं डोकं आपटलंय. तुझी चिठ्ठी कुठे आहे?"

तिने पट्टी खाली ओढली. पोरगी वाट बघत राहिली. मग म्हणाली, "चिठ्ठी नसेल तर तुझ्या आईला कसं कळणार?"

खेळाचं सामान ठेवायची एक अरुंद खोली आहे आमच्याकडे. तिला मी तिथे नेलं. रिंगा, दोऱ्या आणि फुग्यांसारखे रबरी चेंडू यांच्यामध्ये आम्ही दोघी उभ्या होतो. ती रडली नाही. पट्टी काढून तिने घडी केली, परत उलगडली. मग म्हणाली, "त्याने कपाटाच्या दारावर आपटलं."

सव्वा वर्षात तिच्या तोंडून मी "हे" आणि "ते" सोडून नवऱ्यासाठी दुसरा शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याला "तो" म्हणाली.

"मी बोलले म्हणून?" मी विचारलं.

"तुम्ही नसतं बोललात तर दुसरं काहीतरी निघालं असतं," ती म्हणाली. तिने माझी समजूत घातली. मार तिने खाल्ला होता आणि समजूत माझी.

मग हळूहळू, दिवसाला पाच-सात मिनिटं असं करत, तिने सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. आधी हात, मग हाताला लागेल ते. डाळीत मीठ, ईराचा खोकला, फोन उचलायला लागलेला वेळ. तिचा पगारही त्याच्याच खात्यात. फोनमध्ये असं काही घातलेलं, की ती कुठे आहे ते त्याला कळत राहतं. पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात. हल्ली इथला व्हिसा कागदावर नसतो, ऑनलाइन असतो. तिचंही खातं त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच फोन नंबरवर. म्हणजे आपण या देशात कायदेशीर आहोत हे कुणाला दाखवायचं झालं, तरी आधी त्याच्या फोनवर कोड जायचा.

मी शाळेच्या डेप्युटी हेडशी बोलले. असं काही कळलं तर सांगायचं हा आमचा नियमच आहे, आणि त्या बाई शांत डोक्याच्या. त्यांनी त्या सामानाच्या खोलीतूनच, शाळेच्या फोनवरून, तिला घरात मार सोसणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनशी बोलायला दिलं. चार-पाच दिवसांनी एका दूरच्या गावातल्या आसरागृहात एक खोली रिकामी झाली. दुपारपर्यंत निघायला हवं होतं. ईराचा दम्याचा पंप आणि जन्माचा दाखला आणते म्हणून ती घरी गेली. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता.

ती परत आली नाही. खोली दुसऱ्या कुणाला तरी दिली गेली. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ती जॅकेट घालून उभी होती आणि म्हणाली, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे."

मला फार राग आला. आज सांगायला लाज वाटते, पण मी तिला म्हणाले, "मग मरायचंय का तुला तिथे?"

ती माझ्यापेक्षा शांत होती. एकीकडे एका मुलाला केळं सोलून देत ती म्हणाली, "ताई, तुम्हाला सोपं वाटतं कारण तुमचा पासपोर्ट इथला आहे. मी इथे त्याच्या नावाखाली आहे. त्याने एक मेल टाकला की व्हिसावरून माझं नाव जातं, ईराचंही जातं. पोलिसात गेले आणि त्याची नोकरी गेली, तर तिघांचं जातं. सांगलीला जाऊ म्हटलं तर ईराला त्याच्या सहीशिवाय नेता येत नाही. नेलं तर मी पोरगी पळवणारी होते. आणि तो म्हणालाय, तुला जायचं तर जा. ईरा इथेच राहील."

"आणि माहेरी?"

"बाबांना सांगितलं. माझ्या आधी त्याचाच फोन गेला होता. बाबा म्हणाले, जावई रडत होते फोनवर. थोडं तुझंही चुकत असेल."

केळं सोलून झालं. मूल पळून गेलं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, आणि मला पहिल्यांदा दिसलं, की ही बाई भित्री नाही. तिने सगळी दारं स्वतः हलवून पाहिली होती.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी गप्प राहायला शिकले. तिच्याशी खिडकीतल्या झाडांबद्दल, मेथी कुठे मिळते याबद्दल बोलायचे. डेप्युटी हेड त्यांच्या वहीत तारखा टिपत राहिल्या. मंडळात तो भेटला की नमस्कार करायचा आणि मी हसायचे. त्याच्याकडे बघून हसणं हे त्या दिवसांतलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. पण मी तोंड वाकडं केलं असतं तर त्याची किंमत तिने मोजली असती.

ईस्टरनंतरची गोष्ट. लहान मुलांच्या अंगणात एक लाकडी खेळघर आहे. ईरा त्यात "आई" झाली होती. बाकीची मुलं पाहुणे, पोस्टमन, कुत्रा वगैरे. आम्ही दोघी कुंपणापाशी उभ्या होतो. पोस्टमन झालेल्या पोराने दारावर टकटक केलं. ईराने दार उघडलं आणि लगेच म्हणाली, "सॉरी सॉरी." पोस्टमन गोंधळला. त्याने पुन्हा टकटक केलं. "सॉरी, सॉरी, मी येतच होते." कुत्रा भुंकला. "सॉरी." प्रत्येक वेळी ती दोन्ही हात कानांपाशी नेत होती, डोकं झाकावं तसे.

एक मुलगी वैतागून म्हणाली, "तू सारखी सॉरी का म्हणतेस?"

ईरा म्हणाली, "मी आई आहे ना."

मी हिच्याकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. शेजारून तिचा आवाज आला, "ताई, परत फोन लावायचा का?"

या वेळी डेप्युटी हेडनी घाई केली नाही. आधी एका सॉलिसिटर, म्हणजे वकील बाईंशी तिचं बोलणं करून दिलं. त्यांनी गोड काही सांगितलं नाही. घर सोडलंस तर अशा बायकांसाठीची तीन महिन्यांची परवानगी मागता येईल, म्हणाल्या. पण वर्क व्हिसावरच्या माणसाच्या बायकोला पुढचा रस्ता सरळ नाही, तो वेगळा भांडून मिळवावा लागेल, आणि मिळेलच असं मी सांगू शकत नाही. हे ऐकून ती विचार बदलेल असं मला वाटलं. उलट ती म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलं. तीन महिने म्हणजे तीन महिने."

दोन आठवडे ती रोज एकेक वस्तू अंगावर घालून आणत होती. बांगड्या नव्हेत. कुर्त्याच्या आत दाखला, मोज्यात पंप, ईराच्या दप्तराच्या तळाशी तिचा जुना झबल्यातला फोटो. सगळं डेप्युटी हेडच्या कपाटात जमा होत होतं. स्वतःसाठी तिने काय आणलं असेल? तिचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट आणि एक खो-खोचं.

तो जूनमधला बुधवार होता. फोन तिने घरी चार्जरला लावून ठेवला होता. सव्वा वाजता तो वाजणार आणि कुणी उचलणार नाही, म्हणजे हातात तासाभराचा वेळ. बारा वाजून दहा मिनिटांनी मागच्या फाटकाशी टॅक्सी आली. डेप्युटी हेड ईराला वर्गातून घेऊन आल्या, तिच्या हातात पी.ई.ची पिशवी. ईराला एवढंच सांगितलं होतं की आईबरोबर गावाला जायचंय. तिने विचारलं, "जेवणाचं काय? आज फिश आहे."

मी हिला खूण केली. ती निघाली, आणि नेमका तेव्हाच एक मुलगा बुटाची नाडी लोंबकळवत तिच्यापुढे येऊन उभा राहिला. ती खाली बसली. नाडी बांधली, वर दुसरी गाठ मारली, ओढून बघितली. मग उठली आणि अंगण ओलांडून गेली. धावली नाही. टॅक्सीत आधी ईराचा पट्टा लावला, मग आपला. गाडी वळल्यावर डेप्युटी हेड म्हणाल्या, "अरे देवा, ती जॅकेट घालूनच गेली." पिवळंधमक, पाठीवर शाळेचं नाव. लपायला निघालेली बाई आणि तिचा हा वेश. आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्यांनी माझा दंड घट्ट धरला. दुपारी आसरागृहातून दोघी पोचल्याचा निरोप आला तेव्हा सोडल्यासारखा वाटला तो दंड मला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तो माझ्या घरी आला. आरडाओरडा नाही, काही नाही. सोफ्यावर बसला, चहा घेतला. म्हणाला, "ताई, तुम्ही तिला मोठ्या बहिणीसारख्या. मुलगी बरी आहे एवढं तरी सांगा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि ते खरंच होतं. कुठे नेणार ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उठताना त्याने कप स्वतः नेऊन सिंकमध्ये ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिला निरोप द्या. व्हिसा माझ्या नावावर आहे."

तो गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "चांगला माणूस आहे गं. घरातलं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?" लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्याशी इतकी वाईट भांडले नव्हते. कपाळावरची पट्टी, कपाटाचं दार, खेळघरातली ईरा, सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा त्याची बाजू घेतली नाही. पण मंडळातल्या सगळ्यांना मी कुठे सांगत बसणार? त्या वर्षी गणपतीतही सूत्रसंचालन त्याचंच होतं. आम्ही दोघं गेलो नाही, एवढंच.

त्याने ईरासाठी कोर्टात अर्ज केला. शाळेने वहीतल्या तारखा दिल्या, मी माझा जबाब लिहून दिला. निकालात ईरा आईकडे राहिली. पण कोर्टाच्या परवानगीवाचून तिला देशाबाहेर नेता येणार नाही, असंही त्यात होतं. हे मला तिच्याकडूनच कळलं, नोव्हेंबरात, जेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तिला लंडनच्या क्रॉयडन भागातल्या व्हिसाच्या सरकारी ऑफिसात बोलावलं होतं. "एकटीने जाता येतं मला," ती म्हणाली. "पण बाहेर कुणी आपलं उभं असलं तर बरं वाटेल."

मी सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. ईस्ट क्रॉयडन स्टेशनबाहेर ती उभी होती. वेणी नव्हती, केस कानापर्यंत कापलेले. अंगावर कुणाचा तरी मोठा कोट. ईराला तिच्या नव्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडे ठेवलं होतं. आम्ही चालत ऑफिसपर्यंत गेलो. मला आत सोडणार नव्हते. मी बाहेर फुटपाथवर उभी राहिले. शेजारी माझ्यासारखीच आणखी बरीच माणसं होती, वेगवेगळ्या देशांची, सगळ्यांच्या हातात कुणाची तरी बॅग.

दोन तासांनी ती आली. "कळवतील," म्हणाली.

ट्रामच्या स्टॉपवर बसून आम्ही एक सँडविच अर्धं अर्धं खाल्लं. तिने सांगितलं, एक खोली आहे. स्वयंपाकघर पाच बायकांत मिळून, पाच भाषा, आणि सगळ्या एकमेकींच्या कांद्यावर नजर ठेवून. तीन महिने केव्हाच संपले. नवा अर्ज दिलाय, त्याचं उत्तर येईपर्यंत राहता येतं. नकार आला तर राहता येत नाही, आणि कोर्टामुळे ईराला घेऊन जाताही येत नाही. एका सरकारी कागदाने जा म्हणायचं, दुसऱ्याने जाऊ नको म्हणायचं. हे सगळं ती दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होती.

मी विचारलं, "मग सुटलीस असं म्हणायचं की नाही?"

तिने सँडविचच्या कागदाची घडी केली. एक ट्राम येऊन गेली.

"सकाळी जाग आली की अजून हात आधी फोन शोधतो," ती म्हणाली. "मग आठवावं लागतं, की इथे कुणी मारणार नाही. अजून आठवावं लागतं, ताई. पण आठवतं."

त्यानंतर तिचा एकदाच मेसेज आला, ईराचा दात पडल्याचा. अर्जाचं काय झालं ते त्यात नव्हतं. तो नंबर आता लागत नाही. त्याला दीड वर्ष होत आलं. तिला जागा बदलायला लागली असेल, किंवा नंबर बदलायला सांगितलं असेल. नाहीतर तिसरं काहीतरी झालं असेल, ज्याचा मी विचार करत नाही.

त्या दिवशी स्टेशनात शिरल्यावर तिने गाड्यांच्या बोर्डाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळली.

"तुम्ही आधी जा," ती म्हणाली. "माझी गाडी कुठली ते तुम्हाला कळायला नको. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

मी तिला जवळ घेतलं. एवढ्या मोठ्या कोटात ती केवढीशी होती. मग मी माझ्या फलाटाकडे जाणाऱ्या उतारावरून खाली चालायला लागले. स्टेशनात दुपारचीही गर्दी होती. मागून खूप पावलं वाजत होती, काही माझ्यामागे येत होती, काही दुसरीकडे वळत होती. त्यातली तिची कुठली, हे ओळखायचा मी प्रयत्न केला नाही.